वर्षभराच्या खासदारासाठी मतदान: तुमचा अनुभव लिहा

२८ मे २०१८ ला पालघर आणि भंडारा-गोंदियात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि पुढच्याच एप्रिलात परत सार्वत्रिक. तेव्हा मत दिलेल्यांनी, ड्युटी केलेल्यांनी, न गेलेल्यांनीही लिहा. खासदाराची जागा रिकामी राहणं हा मतदारांवर अन्यायच, असं माझं मत. तुमचं वेगळं असलं तरी हवंय.

गोंदिया
नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू होता, बाहेर उभं राहवत नव्हतं आणि आमच्या बूथवर सकाळीच व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) बंद. दुसरं येईपर्यंत बाया डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या, काही घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मग ३० तारखेला ४९ बूथांवर फेरमतदान, त्यात आमचं पण. पहिल्या बोटाची शाई होतीच म्हणून यावेळी मधल्या बोटाला लावली. सासूबाई दोन्ही वेळा गेल्या, म्हणाल्या माझं मत मोजलं जायलाच पाहिजे. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले, पण २०१९ ला पक्षाने तिकीट दुसऱ्यालाच दिलं.

डहाणू
मी तेव्हा शिवसेनेचं काम करायचो. आमचे भाजपचे खासदार चिंतामण वनगासाहेब जानेवारीत वारले, त्यांचा मुलगा श्रीनिवास आमच्याकडून उभा, आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभं केलं. पाड्यापाड्यावर फिरलो, लोकांना पोटतिडकीने सांगितलं की वनगांच्या घराला साथ द्या. गावित जिंकले. २०१९ ला युती झाली, जागा आमच्याकडे आली आणि उमेदवार कोण तर गावितच, धनुष्यबाणावर! त्याच पाड्यांवर त्यांच्यासाठी मत मागायला जायचं. एक आजोबा बोलले, "पोरा, मागच्या उन्हाळ्यात काय सांगत होतास?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

वसई
गेलो नाही. सोमवार होता, पगारी सुट्टी कायद्याने मिळते तरी ऑफिसने दिली नाही, विरारहून भरून आलेली लोकल पकडून कामावर गेलो. पण खरं सांगायचं तर सुट्टी असती तरी वर्षभरात खासदार काय करणार हा प्रश्न होताच.

पुणे
वसईकर, आम्हाला ते वर्षही मिळालं नाही. आमचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले, मुदत वर्षाहून जास्त शिल्लक, म्हणजे कायद्याने सहा महिन्यांत निवडणूक व्हायला हवी होती. डिसेंबरात हायकोर्टाने ताबडतोब घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाची स्थगिती. पुण्यासारखं शहर वर्षभर खासदाराशिवाय राहिलं, वॉर्डातली कामं घेऊन जायचं कोणाकडे? तुम्हाला निदान न जायचं ठरवता तरी आलं.