मदत हवी आहे: 'मेड इन जपान' एलपीवर ऐकवावा की सीडीवर?

रविवारी नाशिकला गंगापूर रोडवर पंधराजणांची बैठक आहे. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा, ऑगस्ट १९७२मध्ये रेकॉर्ड झालेला हा लाइव्ह अल्बम वादनाच्या निकषावर तोलायचाय.

दोन तबकड्यांच्या जुन्या एलपीची चौथी बाजू, म्हणजे वीसेक मिनिटांचं 'स्पेस ट्रकिन', शेवटच्या चार मिनिटांत चरचरते. झांजा तर वाळूसारख्या वाजतात. सुई साफ केली, सुईचा तबकडीवरचा भार २ ग्रॅम ठेवला, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन पुन्हा जुळवला. फरक शून्य. पहिल्या बाजूचा शेवट मात्र स्वच्छ.

रीमास्टर (मूळ रेकॉर्डिंगवर नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या) सीडीवर चरचर नाही, पण आवाजाची पातळी एलपीइतकी आणली की ड्रम सपाट, दबलेले वाटतात. आणि लाइव्हमध्ये ड्रमच मेले तर उरलं काय?

नवी खरेदी शक्य नाही. ही चरचर झिजलेल्या खाचेची, की तबकडीच्या मध्याजवळच्या आतल्या वळणांवर येणारीच? ओळखायचं कसं?