लग्नाच्या एडिटिंगला १२ कोअर घ्यावेत का?

विश्रामबाग
मंडळी, सांगलीत लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ चालवतो. तुळशीचं लग्न लागलं की काम सुरू होतं ते जूनपर्यंत. हाताशी ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ८ थ्रेडचं (एकावेळी चालणारी कामं) जुनं मशीन आहे. दोन कॅमेरे आणि ड्रोनचं ४के फुटेज प्रीमियर प्रोमध्ये एकत्र टाकलं की प्रिव्ह्यू अडकत चालतो. आता नवीन मशीन जोडायचंय. एएमडीचा रायझन ९ ७९०० प्रोसेसर घ्यावा असं माझं मत झालंय: १२ कोअर, २४ थ्रेड. पैसे एकदाच घालायचेत, तर कोअर भरपूर असावेत. कुणाचं वेगळं म्हणणं असेल तर पुण्याहून माल मागवायच्या आधी सांगा.

कृष्णाकाठ
माझं म्हणणं वेगळं आहे. पंगतीला वाढपी दुप्पट लावले तर वाढणं लवकर होईल, पण भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागणारच. प्रोसेसरचंही तसंच. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हाच हिशोब मांडला. कामाचा १० टक्के भाग वाटून देता येत नसेल तर ६ कोअरवर वेग ४ पट होतो आणि १२ कोअरवर ५.७ पट. कोअर दुप्पट केले, पण वेग दीडपटसुद्धा वाढला नाही. फोटोशॉपची बरीच कामं तर दोन-चार कोअरवरच चालतात.

तुम्ही इंटेलचा कोअर आय५ १४६००के बघा. ६ मोठे आणि ८ छोटे कोअर, २० थ्रेड. शिवाय त्यात क्विक सिंक आहे. एच.२६५ (व्हिडिओ आवळून ठेवायची पद्धत) चं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज तो चिपमधल्याच खास भागाकडून उलगडून घेतो, कोअरवर भार येत नाही. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंकही नसतं.

अजिंक्यतारा
दादा, वाटून न देता येणारा भाग सगळ्या कामात १० टक्केच असतो असं नाही. मी साताऱ्यात आर्किटेक्ट लोकांसाठी घरांचे थ्रीडी वॉकथ्रू करतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरवर रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावला की असतील तेवढे कोअर राबतात आणि कोअरच्या प्रमाणात वेळ वाचतो. रात्रीच्या वरातीच्या फुटेजमधले दाणे साफ करताना यांनाही तो फायदा थोडाफार मिळेल.

आणि विजेचं काय? १४६००के जोरात चालतो तेव्हा १८१ वॅटपर्यंत जातो. ७९०० ची मर्यादा ८८ वॅट. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हा फरक अंगाला जाणवतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे चिप खराब व्हायची भानगड २०२४ मध्ये झाली, तीही विसरू नका.

कृष्णाकाठ
विसरलो नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतली दुरुस्ती) आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून नवी चिप बसवली तर मला तरी भीती वाटत नाही. उष्णतेचा मुद्दा मात्र मान्य.

मिरज जंक्शन
भाऊ, मी मशीन दुरुस्त करतो, म्हणून आधी विचारतो: अडकतंय नेमकं कुठं? टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून सगळे थ्रेड वेगळे दिसतील असं करा आणि टाइमलाइन चालवा. मग एकट्या ड्रोनची क्लिप चालवून बघा. कॅमेऱ्याच्या एका क्लिपची प्रॉक्सी (हलकी प्रत) करून तीही बघा. आजार कळल्याशिवाय औषध कशाला आणायचं?

विश्रामबाग
करून बघितलं. ड्रोनचं फुटेज विनात्रास चालतं. कॅमेऱ्याची क्लिप लावली की आठही थ्रेड शंभर टक्क्यांवर. तीच क्लिप प्रॉक्सी केली की लोण्यासारखी पळते. कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ लावलेलं आहे, ड्रोन ४:२:० (रंगाची कमी माहिती) देतो.

मिरज जंक्शन
मग फाइल उलगडण्यातच दम जातोय. हे काम ग्राफिक्स कार्डकडे द्या. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेची कार्डं ४:२:२ उलगडत नाहीत, २०२५ ची ५० मालिका उलगडते, एच.२६४ सुद्धा. प्रीमियरची नवी आवृत्ती लागेल. असं कार्ड घेतलंत तर क्विक सिंकसाठी इंटेल घ्यायचं कारण उरत नाही आणि १२ कोअरचंही नाही. ८ कोअरचा रायझन ७ ७७०० पुरे, कूलर त्याच्यासोबतच येतो.

आणखी एक. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाईट गेल्यावर एक्स्पोर्ट चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढ्यात बसायला हवेत.

अजिंक्यतारा
८ कोअर मला अजूनही कमी वाटतात. पण ७७०० साठी एएम५ (एएमडीच्या प्रोसेसरची खोबण) बोर्ड घ्यावा लागेल, ते बरं. २०१७ च्या कितीतरी जुन्या एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला होता. एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत तरी साथ द्यायचं जाहीर केलंय. बोर्ड घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक (उष्णता खेचणारा धातू) असलेला घ्या, नाहीतर पुढे १२ कोअर टाकताना तोच आड येईल.

विश्रामबाग
७७०० नक्की केला. १२ कोअरचे वाचलेले पैसे ५० मालिकेच्या कार्डात घालतो. बोर्ड बी६५० चिपसेटचा, हीटसिंकवाला. डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या दोन घेतोय; चार काड्या लावल्या की वेग खाली येतो असं दुकानदारही म्हणाला. यूपीएस १००० व्हीएचा बघतोय. माल शनिवारी येईल. मिरजवाले दादा, जोडायला येताय का?

मिरज जंक्शन
येतो. रविवारी सकाळी. थर्मल पेस्ट आणू नका, माझ्याकडे आहे.