मदत हवी आहे: लहान मुलीला मांडीवर घेऊन वॉटर स्लाइडवर बसावं का?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही अकरा जण खोपोलीजवळच्या एका वॉटर पार्कला जाणार आहोत आणि मला आत्तापासूनच धास्ती वाटतेय.

गेल्या वर्षी बागेतल्या साध्या घसरगुंडीवरून मी लेकीला मांडीवर घेऊन आले. तिच्या बुटाचा रबरी तळवा कडेला अडकला, आणि मागून माझं वजन तिला पुढे रेटत राहिलं. नडगीचं हाड चिरलं, तीन आठवडे प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, एकटी घसरली असती तर पाय अडकून तिथेच थांबली असती. मी तिला सुरक्षित राहावी म्हणूनच कुशीत घेतलं होतं हो!

आता ती साडेतीन वर्षांची आहे. पाण्याच्या स्लाइडवर पाय अडकायचा धोका कमी असतो का? की तिला लहान मुलांच्या उथळ तलावातच ठेवू?

दुसरं, पुतण्याची उंची अटीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी आहे. भावोजी म्हणतात, "चालतं गं वहिनी." मला नाही पटत. अमेरिकेत कॅन्सस सिटीत 2016 मध्ये 51 मीटर उंच स्लाइडवर राफ्ट (हवा भरलेली रबरी होडी) हवेत उडून दहा वर्षांचा मुलगा गेला. राफ्टमधल्या तिघांचं वजन नीट विभागलेलं नव्हतं. उंची-वजनाच्या अटी उगाच नसतात.

सासूबाईंना मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे, त्यांनी वेव्ह पूलमध्ये (कृत्रिम लाटांच्या तलावात) उतरावं का? कुणी फिजिओथेरपिस्ट किंवा अनुभवी पालक असतील तर कृपया सांगा.