दिल्ली–टोकियो: जाताना पावणेआठ तास, येताना साडेनऊच्या पुढे. का?

पुणेकर_प्रवासी: जानेवारीत पुण्याहून दिल्लीमार्गे टोकियोला (हानेदा) जायचंय. अंतर मोजणाऱ्या साइटवर ५,८६० किमी दिसतं. ताशी ९०० किमी वेग धरला तर साडेसहा तास होतात. तिकिटावर मात्र जाताना ७ तास ४५ मिनिटं आणि येताना ९ तास ४० मिनिटं. हिशेब कुठे चुकतोय? परतीला दिल्लीत पुण्याच्या विमानासाठी दोन तास पुरतील का?

नकाशेवाला: भागाकार बरोबर आहे, अंतर चुकलंय. ५,८६० किमी म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर येणारं अंतर. तो दोरा हिमालय ओलांडून थेट तिबेटच्या पठारावर जातो, आणि तिथून जाणं विमान कंपन्या शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीनं १०,००० फुटांवर यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बऱ्याच विमानांत १२ ते २२ मिनिटंच पुरतो. पठाराचीच सरासरी उंची १५,००० फुटांच्या आसपास. उतरणार कुठे? म्हणून विमान आधी बंगालच्या दिशेनं, मग म्यानमार आणि चीनच्या युन्नानवरून वळसा घेऊन जातं. प्रत्यक्ष अंतर सहज ६,२००–६,४०० किमी भरतं.

उडता_गणपा: आता वारा. १० ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम (वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा) वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर तो जगात सर्वांत जोरदार असतो, ताशी ३०० किमीच्याही वर जातो. (१९२० च्या दशकात जपानी हवामानतज्ज्ञ ओइशी वासाबुरो यांनी फुगे सोडून तो मोजला होता. अहवाल एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत छापला, त्यामुळे फारसा कुणी वाचला नाही!)

६,३०० किमी वाटेवर सरासरी १०० किमीचा वारा धरा. जाताना तो पाठीमागून, म्हणजे वेग ९०० + १००: ६,३०० ÷ १,००० = ६ तास १८ मिनिटं. येताना तो समोरून, म्हणजे ९०० − १००: ६,३०० ÷ ८०० = जवळजवळ ७ तास ५५ मिनिटं. टॅक्सी करणं (विमान गेट ते धावपट्टी जमिनीवरून चालवणं), आकाशात चढणं-उतरणं, रांगेत थांबणं यासाठी पाऊण ते एक तास वाढवा. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो आणि कंपन्या उशीर झाकायला त्यात थोडी भर घालतातच. जुलै-ऑगस्टमध्ये जेट उत्तरेला सरकतो, मंदावतो, मग जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो.

पुणेकर_प्रवासी: समजलं. तिकिटावरच्या वेळा पडताळायच्या कशा?

नकाशेवाला: टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आणि तिथे उन्हाळी वेळ नसल्यानं हा फरक वर्षभर तोच. दिल्लीहून रात्री ८:००, हानेदा सकाळी ७:१५: घड्याळात ११:१५, त्यातून ३:३० वजा, उरले ७:४५. परतीला साडेतीन तास मिळवायचे.

ट्रान्झिट_ताई: दोन तास नकोच, तेही जानेवारीत. समोरून वारा जास्त असला की येणारं विमान उशिरा पोचतं, वर दिल्लीचं धुकं. एकाच पीएनआरवर (एकाच बुकिंग क्रमांकावर) तिकीट असलं तरी साधारणपणे इमिग्रेशन, बेल्टवरून सामान, कस्टम्स आणि पुन्हा सामान जमा करणं हे सगळं दिल्लीतच करावं लागतं. पुण्याचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर टर्मिनल ३ वरून तिथे जाण्याचा वेळ वेगळा धरा. एकाच तिकिटावर किमान साडेतीन तास, वेगवेगळी तिकिटं असतील तर पाच-सहा. कारण तेव्हा चुकलेल्या विमानाचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.