लॅमिनेट फ्लोअरिंग घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर घर आहे. बेडरूमच्या शहाबादी फरशीवर, ती न उखडता, लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार फळ्या) बसवायचा विचार आहे. खोली १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट.

एक दुकानदार ८ एमएमचा माल ९५ रुपये फुटाने देतोय, दुसरा १२ एमएमचा १४५ ने. दोघांचा जोर जाडीवरच! पण झीज सोसण्याची ताकद एसी ग्रेडवर (वरच्या थराच्या टिकाऊपणाची प्रतवारी) ठरते ना? घराला एसी३ पुरतो असं वाचलंय. ९५ वाल्याच्या खोक्यावर ग्रेडच छापलेली नाही, तिथेच मला शंका येते. आतला एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला मधला थर) चांगला आहे की नाही, हे तुकडा हातात घेऊन कसं ओळखायचं? रात्रभर पाण्यात ठेवून कडा किती फुगतात ते बघू का?

दरात खालचा फोम, स्कर्टिंग, दाराची पट्टी आणि मजुरी धरतात का? वाया जाणारा माल १० टक्के धरलाय.

आणि आमच्या मातोश्री बादलीभर पाणी ओतूनच फरशी पुसणार. अशा घरात सरळ एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या, पाण्याने न फुगणाऱ्या फळ्या) घ्यावं का? सोलापुरात कोणी बसवलं असेल तर उन्हाळ्यात फळ्या फुगल्या का, भिंतीलगत किती फट सोडली होती, तेही सांगा.