मदत हवी आहे: पाऊस पडला की बाथरूममधून गटाराचं पाणी वर येतंय (वाशी)

अनिकेत_वाशी: कृपया लवकर सांगा. पावसाने जोर धरला की बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतं. काल रात्री कमोडही भरला, आईला त्या पाण्यातून हात धरून बाहेर आणलं. चोकअप काढणारी गाडी येऊन गेली, पुढच्या पावसात पुन्हा तेच. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कोणता घेऊ?

सुलभा_के: कितवा मजला? पाऊस नसतानाही येतं का?

रवी७७: ड्रेन क्लीनरची पावडर रात्री टाका, सकाळी गरम पाणी ओता. आमचं सिंक लगेच मोकळं झालं.

अनिकेत_वाशी: सिंकचा प्रश्नच नाही हो. तळमजला, म्हणून तर! वर तीन मजले, एकूण 16 घरं. एरवी काही त्रास नाही.

खाडीकाठ: मग भरती बघा. नवी मुंबईतले आपले बरेच नोड, म्हणजे वसाहती, भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून तर होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवणारे तलाव, बांधले. भरतीला खाडीकडच्या झडपा बंद होतात, पावसाचं पाणी पॉन्डमध्ये थांबतं. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की जमिनीतलं पाणीही चढतं.

निवृत्त_अभियंता: पॉन्ड पावसाळी गटारांसाठी आहेत. संडास-बाथरूमची लाइन वेगळी, ती पंपिंग स्टेशनमार्गे प्रक्रिया केंद्रात जाते. पावसाचा थेंबही तिच्यात जाता कामा नये. अनिकेत, पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळात उतरतं? आणि गच्चीचे पाइप खाली कुठे सोडलेत?

अनिकेत_वाशी: तासाभरात उतरतं. पाइप इमारतीमागे जमिनीत जातात, पुढचं माहीत नाही. व्हॉल्व्हचं सांगा ना कोणीतरी.

निवृत्त_अभियंता: व्हॉल्व्ह नंतर. तासाभरात उतरतंय म्हणजे पाणी सरळ वाटेने शिरतंय. जमिनीतून झिरपणारं असतं तर पाऊस थांबल्यावरही लाइन बराच काळ भरलेली राहिली असती. हिशेब करा. 300 चौरस मीटर गच्ची, तासाला 50 मिमी पाऊस, म्हणजे 15,000 लिटर. 16 घरांत 80 माणसं धरली, माणशी 135 लिटर, तर दिवसभराचं सांडपाणी 10,800 लिटर. अख्ख्या दिवसाचं जेवढं, त्याहून जास्त एका तासात! सांडपाण्याच्या लाइनवर एवढा बोजा आला की ती तुंबू शकते, आणि सगळ्यात खालचं तोंड तुमच्या बाथरूमचं.

मीनल_घणसोली: गच्चीचं पाणी बोअरवेलला सोडा, टँकर वाचतील. आमच्या सोसायटीने केलंय.

खाडीकाठ: पण जुने स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) पाइप सांध्यांतून झिरपतात, हे कसं नाकारता? कोरड्या दिवशी पहाटे तीनला चेंबर बघा. सगळे झोपलेले असताना नितळ पाणी वाहत असेल तर ते जमिनीतलं. उधाणाला टीडीएस मीटरचा (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा उडी मारत असेल तर खाडीचं.

निवृत्त_अभियंता: ही परीक्षा उत्तम आहे, जरूर करा. माझा वाद फक्त आधी काय, एवढाच.

मंगेश_प: आमच्या गल्लीत पाणी साचलं की पोरं मॅनहोलचं झाकण उघडतात. दहा मिनिटांत रस्ता मोकळा.

सुलभा_के: कृपा करून थांबवा हे. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आणि झाकण मलवाहिनीचं असेल तर तुमचा रस्ता मोकळा होतो आणि ते पाणी अशाच कुणाच्या तरी घरात चढतं.

निवृत्त_अभियंता: शंभर टक्के. अनिकेत, पाऊस उघडला की गच्चीच्या पाइपात रंगाचं पाणी सोडा, नळी चालू ठेवा आणि ड्रेनेज चेंबर बघा. झाकण उघडून लांबूनच पाहा. आत कुणालाही उतरवू नका, विषारी वायू असतो आणि 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय सफाईला उतरवायला बंदीच आहे.

अनिकेत_वाशी: केलं. हिरवं पाणी थेट मागच्या ड्रेनेज चेंबरमध्ये आलं! सेक्रेटरी म्हणतात, पावसाळा संपल्यावर बघू. तोवर आईला कुठे ठेवू?

निवृत्त_अभियंता: थांबायची गरज नाही. गच्चीचे पाइप जमिनीवरच कापा, बेंड लावून पावसाळी गटारात सोडा, जमिनीतलं तोंड कॅप लावून बंद करा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. व्हॉल्व्ह लावायचाच तर फक्त तुमच्या घराच्या फांदीवर, म्हणजे फक्त तुमच्या घरातून येणाऱ्या पाइपवर. इमारतीच्या सामाईक लाइनवर लावलात तर तो बंद झाल्यावर वरच्या तीन मजल्यांचं पाणी तुमच्याकडेच येईल. आणि तो बंद असताना तुम्हीही नळ सोडायचा नाही.

अनिकेत_वाशी: पावसाळी गटाराची कड अंगणापेक्षा वर आहे. उतार कसा मिळणार?

निवृत्त_अभियंता: मग पाइप कडेच्या वर दोन फुटांवर कापा आणि भिंतीलगत उतार देत न्या. सेक्रेटरींना हिरव्या पाण्याचा फोटो दाखवा.