हाडं ठिसूळ झाली म्हणे. आता नातवाला उचलायचं की नाही?

मानेवाड्याची_बाई

नमस्कार. वय 62. शाळेत गणित शिकवायची, चार वर्षं झाली निवृत्त होऊन. मे महिन्यात, ऐन नवतप्यात, कूलरमध्ये पाणी भरत होते. पाइप निसटला, फरशी ओली झाली, फडकं आणायला वळले तर पाय सरकला. जोरात पडले असंही नाही हो. हात टेकला आणि बसले, इतकंच. उजवं मनगट मोडलं. सव्वा महिना प्लास्टर, त्या गरमीत! आत स्वेटरची सुई घालून खाजवायची (तुम्ही करू नका, मला बोलणी बसली).

प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडायला नको होतं, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. रामदासपेठेत केली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण हाडांशी तुलनेचा आकडा) उणे 2.9, खुब्याचा उणे 2.3. उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. जन्मभर पोरांना उणे आकडे शिकवले, पण कागदावरचा उणे बघून घाम फुटला तो पहिल्यांदाच.

त्यात व्हिटॅमिन डी निघालं 11. नागपुरात! पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत भाजून निघणाऱ्या गावात ऊन कमी पडलं म्हणे. यजमान तेव्हापासून हसून राहिले. पण खरं सांगू का, मार्च ते जून आपण आठच्या आत भाजी आणतो आणि पडदे ओढून कूलरसमोर बसतो. बाहेर पडलंच तर स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. ऊन दिसतं, अंगाला कुठं लागतं?

माझ्या आईला साठीनंतर पोक आलं होतं. आम्ही सगळे म्हातारपण म्हणायचो.

डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी दिली, रोज कॅल्शियम, आणि डी ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक. गोळी अजून सुरू केली नाही. मला ॲसिडिटी आहे, आणि ही गोळी अन्ननलिकेला त्रास देते असं वाचलं.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. नातू चौदा महिन्यांचा, वजन दहा किलो. सून चांगली आहे, पण मी जरा वाकले की "आई, राहू द्या". मुलानं माळ्यावर चढायचा स्टूल लपवून ठेवला. घरात मी काचेची बरणी झाले. डॉक्टर म्हणाले "जड उचलू नका", आणि बाहेर तीस पेशंट. जड म्हणजे किती? मला आकडा पाहिजे. ज्यांना हे आहे त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

इन्हेलरवाली

ताई, मी 54, धंतोलीत राहते. दम्यासाठी मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या बरीच वर्षं, त्यातून हाडं गेली. मला तोंडानं गोळी झेपत नव्हती म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांच्या औषधाचं सलाइन देतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण पहिल्या रात्री ताप आला, अंग असं ठणकलं की वाटलं डेंग्यूच. पॅरासिटामॉल घेतलं, दोन दिवसांत उतरला. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात आणि डी भरून काढतात. तुमचं 11 आहे म्हणजे लगेच देणार नाहीत. दात काढायचा असेल तर तेही आधीच उरकून घ्या. या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. कमी असतो, पण मी दाढ आधी काढून घेतली आणि मग निवांत झाले.

आणि सगळे "नाचणी खा, नाचणी खा" करतात. आपल्याकडे नाचणी कोण खात होतं बाप्पा? मी तिळाची चटणी करते आणि दह्याची वाटी सोडत नाही. नुसत्या चमचाभर तिळानं भागत नाही, दूध-दही लागतंच.

गोकुळपेठचा_काका

हा बायकांचा आजार समजून मी दोन वर्षं घालवली. वय 71. जुन्या पासपोर्टवरच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरलो तेव्हा कळलं. एक्स-रेत दोन मणके दबलेले निघाले, आणि मला कधी धड दुखलंही नव्हतं. बाई, तुम्ही मणक्याचा बाजूनं एक्स-रे काढला का? नसेल तर विचारा. मणका आधीच दबलेला असला तर उचलण्याचं गणित बदलतं.

अंबाझरीच्या बागेत आमचा योगाचा ग्रुप आहे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सगळं पुढं वाकायचं मी सोडून दिलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनं बंदच केलं. चालणं चालू आहे. आणि एक सांगतो, ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, पाय बदलून. सौ.ला वाटलं डोकं फिरलं. पण तोल सुधारला. पडलोच नाही तर मोडणार काय?

आईचा_धाकटा

काकू, तुमचं औषध वेगळं आहे, तरी लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल. माझ्या आईला हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन होतं. बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत तारीख गेली. आई म्हणे, दुखत तर नाही, घेऊ नंतर. अकराव्या महिन्यात अंथरुणातून उठताना पाठीत कळ आली, दोन मणके दबले. ते इंजेक्शन मध्येच थांबवलं की हाडाची घनता झपाट्यानं उतरते; सोडायचंच असेल तर डॉक्टर दुसऱ्या औषधावर घेतात. आम्हाला हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही लग्नाच्या याद्या करत होतो. आता कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवतो.

मानेवाड्याची_बाई

तीन आठवड्यांनी लिहून राहिले, माफ करा.

काका, एक्स-रे काढला. मणके सगळे शाबूत. कागद घेऊन फिजिओथेरपीच्या मुलीकडे गेले. वयानं माझ्या शेवटच्या बॅचमधली असेल. तिला म्हटलं, किलो सांग. ती म्हणे, "मॅडम, किलो नाही, कसं उचलता ते दाखवा." दहा किलोची कणकेची पिशवी ठेवली समोर. मी वाकले, कमरेतून, आणि वळलेसुद्धा. ती म्हणे हेच नको. जमिनीवरून बाळ उचलायचं नाही. त्याला सोफ्यावर चढू द्यायचं, आपण गुडघे वाकवून जवळ जायचं, छातीशी धरायचं, मग उठायचं. वळायचं असेल तर पायांनी वळायचं. कडेवर घेऊन जिना नाही.

सुनेला सोबत नेलं होतं मुद्दाम. तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि मुलाला पाठवला.

गोळी सुरू केली. ॲसिडिटीचं डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले महिनाभर बघू, गिळताना दुखलं किंवा छातीत जळजळ वाढली तर थांबवून लगेच या, मग सलाइनचा विचार करू. रविवार ठरवला. सहाला उठायचं, रिकाम्या पोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. चाळीस वर्षं डोळे उघडल्याबरोबर चहा घेतला मी! पहिल्या रविवारी यजमान माझ्यासमोर बसून आल्याचा चहा फुरफुर करत पिऊन राहिले. दुसऱ्या रविवारपासून त्यांना गच्चीवर पाठवते, कप घेऊन.

कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला, टाकी भरली की पाणी आपोआप बंद. दीडशे रुपयांत झालं. मे महिन्याच्या आधी सुचलं असतं तर.

नातू आता सोफ्यावर चढून दोन्ही हात पसरून उभा राहतो. उचलते. स्टूल मात्र मुलानं अजून दिला नाही.